संस्कृतचे गुण आणि संस्कृतचे वाचन

अकरावीचे विषय निवडण्याची वेळ आली, की आपल्या जुन्या मराठी घरांतून एक वाक्य हटकून ऐकू येते. "संस्कृत घे, गुण चांगले पडतात." वाडी, रावपुरा, दांडिया बाजार, कोठेही जा, सल्ला हाच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही या सल्ल्यानेच बडोद्यातील संस्कृतचे अधिक नुकसान होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्कृतला शाळेत जागा असावी की नसावी, हा वाद आपण पुष्कळ घातला. १९५६ साली डॉ. सुनीतिकुमार चतर्जी यांच्या अध्यक्षतेखाली संस्कृत आयोग नेमला गेला. १९९४ साली केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात संस्कृत ऐच्छिक विषय म्हणून असावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. जागेसाठी इतके भांडल्यावर त्या जागेत बसून करावयाचे काय, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

मी अकरावी-बारावीच्या वर्गांना संस्कृत शिकविले आहे, म्हणून तेथील रीत सांगू शकतो. पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या ग्रंथांतून कापून घेतलेले वेचे असतात. शिक्षक भाषांतर सांगतात, मुले ते वहीत उतरवून घेतात, गाईडमधून पडताळतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहून देतात. शंभरापैकी नव्वद गुण मिळविलेल्या मुलापुढे पंचतंत्रातील न पाहिलेल्या पाच ओळी ठेवाव्यात. कर्ता कोणता आणि क्रियापद कोणते हेही त्याला सांगवत नाही. दोन वर्षे शिकून ज्या भाषेतील एक नवे पान वाचता येत नाही, ती भाषा आली असे कसे म्हणावे?

पाठांतराला माझा विरोध नाही. रूपे तोंडपाठ असल्यावाचून संस्कृतात पाऊल टाकता येत नाही. परंतु भांडारकरांच्या दोन पुस्तकांवर ज्यांचे शिक्षण झाले, त्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की तेथे नियम शिकल्याबरोबर नवी वाक्ये पुढे येत आणि ती आपली आपणच सोडवावी लागत. आज रूपे राहिली आणि ती वापरण्याचे काम गेले.

यावर माझी पहिली सूचना अशी, की दहा वेच्यांऐवजी एक अंक संपूर्ण वाचावा. शाकुंतलाचाच पाचवा अंक घ्या. कथा आपल्या घरांना नवी नाही; अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ती मराठी कानांत आहे. या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे पडद्याआडून ऐकू येते, आणि राजा कारण न कळता अस्वस्थ होतो. पुढे भरदरबारात तो शकुंतलेला ओळखत नाही. तो बोलतो संस्कृतात, ती उत्तर देते प्राकृतात. संतापून ती त्याला अनार्य म्हणते, तेही प्राकृतातच. भाषेच्या या दोन पायऱ्यांत राजसत्ता आणि आश्रमकन्या यांमधले सारे अंतर कवीने ठेवले आहे.

आता अनेक शालेय पुस्तके करतात काय, तर प्राकृत काढून टाकून तेथे त्याची संस्कृत छाया छापतात. मुलास कळतही नाही की शकुंतला वेगळी बोलत होती. मराठी मुलाची तर यात दुहेरी हानी आहे, कारण हंसपदिकेच्या गाण्याची प्राकृत ही महाराष्ट्री, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. फळ्यावर एवढ्या तीन ओळी लिहिल्या, तरी सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेचा वंशवृक्ष दिसतो. सहाव्या अंकाच्या आरंभीचा, अंगठीसह पकडलेला कोळी आणि त्याला दटावणारे शिपाई मागधी बोलतात. तो प्रवेश मूळ भाषेत वाचून पाहा, वर्ग हसल्याखेरीज राहणार नाही.

यावर कोणी म्हणेल, हे आपल्या घरच्या मुलांना जमेल, इतरांचे काय? त्यांच्या घरी संस्कार कोठे आहेत? हा समज मला अगदी चुकीचा वाटतो. घरच्या मराठीची मदत होते, तशी फसगतही होते. संस्कृत 'राग' म्हणजे प्रीती किंवा रंग. मराठी मुलगा बेधडक 'संताप' असे लिहितो. तेथे गुजराती मुलगा अर्थाच्या अधिक जवळ पोहोचतो, कारण त्याच्या भाषेत राग म्हणजे संताप नव्हे. 'चेष्टा' म्हणजे हालचाल, थट्टा नव्हे. मित्र हा शब्द मराठीत पुल्लिंगी, पण संस्कृतात सखा या अर्थी नपुंसकलिंगी. वाचनाच्या वर्गात सगळेच विद्यार्थी शब्दकोशापुढे सारखे असतात.

आणि या शहराने एक गोष्ट विसरू नये. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेल्या डॉ. आंबेडकरांना शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत घेऊ दिले गेले नव्हते. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी ते स्वतःच्या कष्टाने मिळविले. संस्कृत ही आपल्या घराची ठेव आहे असे म्हणणाऱ्यांनी, ती कोणापासून अडवून ठेवली होती हेही म्हणावे.

दुसरी सूचना परीक्षेविषयी. निम्मे गुण न पाहिलेल्या उताऱ्याला असावेत आणि मुलाला शब्दकोश वापरू द्यावा. पंचतंत्र, हितोपदेश, भासाची छोटी नाटके यांतून असे उतारे हवे तेवढे मिळतील. पहिली दोन-तीन वर्षे गुण घसरतील, काही मुले विषय सोडतील. ते सोसावे. जी उरतील ती वाचू शकतील.

ती वाचणारी मुले बडोद्याला कशासाठी हवीत, हे वेगळे सांगावयास नको. १९१६ साली राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'ने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. १९२६ साली त्याच मालेत अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड निघाला. १९६० ते १९७५ या काळात प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत पुरी केली. तेथे हजारो हस्तलिखिते आजही आहेत. ती उघडणारा माणूस केव्हा तरी अकरावीच्या बाकावर बसलेला असावा लागतो. म्हणून यंदा मुलाचा निकाल हाती आला, की पालकांनी गुण जरूर विचारावेत. पण त्याच संध्याकाळी हितोपदेशाचे एखादे पान त्याच्यापुढे ठेवून, हे वाचून दाखव, असेही म्हणावे. शाळांना खरा निकाल त्यावरून कळेल, आणि आपल्यालाही.