कोवळ्या गुणवत्तेची बढती : केव्हा आणि कोणाच्या हिशेबाने?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी अवघ्या ३२ धावांत बाद झाले होते. त्या अवस्थेत बीडच्या सचिन धस याने ९६ धावांची खेळी करून सामना वाचविला. एरवी दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर या तीन शब्दांच्या सोबतीनेच वर्तमानपत्रांत येणारे आपल्या जिल्ह्याचे नाव त्या दिवशी क्रीडापृष्ठावर झळकले. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल २०२५ रोजी, बिहारच्या वैभव सूर्यवंशी या चौदा वर्षांच्या मुलाने जयपूरला आयपीएलच्या सामन्यात ३५ चेंडूंत शतक ठोकले. या दोन घटनांनी गावोगावच्या मैदानांवर एक नवी घाई निर्माण केली आहे. मुलाच्या हातात बॅट चांगली बसली की त्याला वरच्या पायरीवर केव्हा नेता येईल याची चर्चा घरात सुरू होते, आणि ‘जितके लवकर तितके बरे’ हे उत्तर जवळजवळ गृहीत धरले जाते. हे उत्तर तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे, कारण त्याच्या पायी किती मुले दहावी-बारावीची वर्षे डावाला लावतात हे शिक्षकांना सांगावयास नको.

सामान्यतः या प्रश्नाचा विचार वयाच्या अंगाने केला जातो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी किमान पंधरा वर्षांची अट घातली. अशी मर्यादा आवश्यक आहे. परंतु तिने प्रश्न सुटत नाही. एक तर आपल्याकडे वय हीच संशयास्पद वस्तू आहे. ज्या प्रदेशातील शाळांच्या पटावर निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असते, तेथे वयाच्या दाखल्यावर किती विसंबावे? क्रिकेट मंडळाला हाडांची तपासणी करून वय ठरवावे लागते ते उगीच नव्हे. दुसरे असे की, वय खरे असले तरी ते तयारीचे माप नव्हे. याची साक्ष मुंबईच्या एकाच मैदानी परंपरेतून मिळते.

सचिन तेंडुलकर १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराची येथे पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याचे वय १६ वर्षे २०५ दिवस होते. घाईच्या समर्थनार्थ हे उदाहरण हमखास पुढे केले जाते. परंतु त्यामागचा क्रम सहसा कोणी सांगत नाही. १९८७ मध्ये मुंबईच्या रणजी संघात त्याची निवड झाली, पण त्या संपूर्ण हंगामात त्याला अंतिम अकरांत घेण्यात आले नाही. बदली क्षेत्ररक्षक म्हणून तो मैदानात उतरत असे. डिसेंबर १९८८ मध्ये त्याला संधी मिळाली आणि पदार्पणातच त्याने शतक केले. तो संपूर्ण हंगाम तो खेळला आणि मगच पाकिस्तानचा दौरा आला. म्हणजे ज्याला आपण उडी समजतो तो वस्तुतः जिना होता. पायऱ्या भराभर चढल्या गेल्या इतकेच. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. एकदिवसीय सामन्यांत त्याचे पहिले शतक ७९व्या सामन्यात, सप्टेंबर १९९४ मध्ये झाले. अठ्ठ्याहत्तर सामने शतकाविना गेले तरी संघाने धीर सोडला नाही. लवकर दिलेली बढती यशस्वी झाली, याचे श्रेय जितके बढती देणाऱ्यांच्या दृष्टीला, तितकेच नंतर दाखविलेल्या सबुरीला द्यावयास हवे.

विनोद कांबळी याच सचिनचा शाळासोबती. १९८८ च्या हॅरिस शील्डमधील ६६४ धावांच्या भागीदारीत त्याचा वाटा नाबाद ३४९ चा. त्याला कसोटी संघात १९९३ मध्ये, एकविसाव्या वर्षी घेतले गेले. लागोपाठच्या दोन कसोटींत त्याने २२४ आणि २२७ धावा केल्या. आणि १९९५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ५४.२० ची सरासरी असतानाही त्याची कसोटी कारकीर्द १७ सामन्यांत आटोपली. सोळाव्या वर्षी गेलेला टिकला, एकविसाव्या वर्षी गेलेला टिकला नाही. पृथ्वी शॉने २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या. आणि डिसेंबर २०२० नंतर तो पुन्हा कसोटी खेळलेला नाही. या कारकिर्दींच्या कारणांची चिरफाड करण्याचा येथे हेतू नाही, तो अधिकारही आपला नाही. निष्कर्ष एवढाच की, वयाच्या कोष्टकावरून बढतीची वेळ काढता येत नाही.

याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. थांबविण्यातही नुकसान असते. ते दिसत नाही म्हणून मोजले जात नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, पण त्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळविले. त्यांनाही कसोटीचे दार उघडले नाही. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या आणि पुढे अकरा हजारांहून अधिक, तरी भारताची टोपी त्याला लाभली नाही. सर्फराज खान वर्षानुवर्षे रणजीत धावांचे ढीग रचत राहिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, कसोटी खेळला. जागा अकराच असतात हे खरे; परंतु ‘अजून थोडे थांबू दे’ हा सल्ला नेहमीच शहाणपणाचा असतो असे समजण्याचे कारण नाही.

तेलगाव-माजलगावच्या पट्ट्यातील वाचकांना हे कोडे अपरिचित वाटू नये. ऊस कोवळा तोडला तर साखर उतारा घसरतो. जास्त काळ उभा ठेवला तर त्याला तुरा येतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून कारखाना लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम आखतो. परंतु तो कार्यक्रम नेहमी उसाच्या पक्वतेप्रमाणेच पाळला जातो का? कारखान्याची गव्हाण रिकामी राहू नये म्हणून कोवळा ऊसही तोडला जातो, आणि गाळपाला ऊस मुबलक असला की पक्व झालेला ऊस शेतात वाळत राहतो. तोडणीची वेळ ठरविणारा एक आणि चुकलेल्या वेळेचे नुकसान सोसणारा दुसरा, हे या व्यवहारातील खरे दुखणे आहे. खेळाडूच्या बढतीचे दुखणे नेमके हेच आहे. म्हणून ‘केव्हा?’ या प्रश्नाआधी ‘कोणाच्या हिशेबाने?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण या संदर्भात उद्‍बोधक आहे. तेथील प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली ‘मायनर लीग’ची उतरंड असते. होतकरू मुले तेथे तयार होतात आणि मग ‘मेजर लीग’मध्ये आणली जातात. वरच्या श्रेणीत सहा वर्षांची सेवा झाल्यावर खेळाडू मुक्त होऊन आपली किंमत स्वतः ठरवू शकतो, आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष धरले जाते. २०१५ मध्ये शिकागो कब्ज संघाने क्रिस ब्रायंट या गुणी खेळाडूला हंगामाच्या आरंभी खालीच ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. हंगामाअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी! तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. परंतु त्याच्या मुक्ततेचा दिवस एका वर्षाने लांबला. त्याने दाद मागितली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. पुढे २०२२ च्या करारात गुणी नवोदितांना वेळेवर वर आणणाऱ्या संघांना बक्षीस देण्याची तरतूद करावी लागली. त्या तरतुदीमागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे: निर्णय घेणाऱ्याचा लाभ आणि खेळाडूचे हित यांची दिशा एक केल्यावाचून केवळ उपदेशाने वर्तन बदलत नाही.

आपल्याकडे व्यवहाराची दिशा उलटी आहे. तेथे लाभासाठी रोखून धरतात, येथे लाभासाठी पुढे ढकलतात. वैभव सूर्यवंशीला वयाच्या तेराव्या वर्षी लिलावात १ कोटी १० लाख रुपये मिळाले. तो मुलगा निःसंशय असामान्य आहे. परंतु त्या एका आकड्यामुळे खालच्या थरात काय घडते? प्रशिक्षण केंद्र चालविणाऱ्याला जाहिरात हवी असते, मध्यस्थाला पुढील कमाईत हिस्सा हवा असतो, स्थानिक पुढाऱ्याला सत्कार करावयाचा असतो. मुलगा वर गेला तर यश सर्वांनी वाटून घ्यावयाचे आणि परत आला तर अपयश त्याने एकट्याने सोसावयाचे, असा हा हिशेब आहे. बीड जिल्ह्याला ‘उचल’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली रक्कम कोयत्याला बांधून ठेवते. मग अंगात ताप असो वा घरी लेकराची परीक्षा असो, फडावर जावेच लागते. कोवळ्या वयात कर्ज काढून घेतलेले प्रशिक्षण आणि मध्यस्थाशी केलेला करार ही गुणवत्तेवर घेतलेली उचलच होय.

यावर एक आक्षेप असा येईल की, हा सर्व विचार पगारदार माणसाचा आहे. ज्या घरात दसऱ्यानंतर कुलूप लागते आणि कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागते, त्या घराला थांबण्याचा सल्ला देणे सोपे आहे. संधी एकदाच येते, ती कशी सोडावी? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. खरोखरच, थांबणे ही ज्याला परवडते त्याची चैन आहे. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो घाई करावी असा नव्हे, तर थांबणे परवडेल अशी व्यवस्था करावी असा.

आपल्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे हे याचे उत्तम उदाहरण. तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेस या शर्यतीकडे विशीनंतर वळला. २०१८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी, असा त्याचा प्रवास झाला. क्रिकेट आणि धावणे यांत फरक आहे हे मान्य. तथापि अविनाशला उशिरा फुलण्याची मुभा मिळाली ती त्याच्या पायाखाली सैन्यातली नोकरी होती म्हणून. हरला असता तरी तो उपाशी राहिला नसता.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, कोणत्याही मुलास वरच्या श्रेणीत नेण्यापूर्वी खालच्या श्रेणीत किमान एक पूर्ण हंगाम खेळवावे आणि त्यात त्याने अपयशातून कसे सावरले हे पाहावे. एका मोठ्या खेळीवर निवड करू नये. दुसरी, वर नेलेल्यास ठरावीक काळ तेथे टिकू द्यावे, आणि परत यावे लागले तर खालची जागा त्याच्यासाठी खुली ठेवावी. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि त्याच वर्षी चंडीगडविरुद्ध त्याने द्विशतक केले. परतीची वाट उपलब्ध असली की माणूस पुन्हा उभा राहू शकतो. तिसरी, अल्पवयीन खेळाडूच्या कमाईचा मोठा भाग तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे सुरक्षित राहावा आणि मध्यस्थाचा त्यावर हक्क नसावा. चौथी, तालुक्याच्या मैदानावर मॅट जाऊन चांगली गवती खेळपट्टी यावी. मॅटवर वाढलेल्या मुलास पुण्याची पहिली निवड चाचणीच दोन पायऱ्यांची उडी ठरते.

पाचवी गोष्ट शिक्षणाची, आणि ती सर्वांत निकडीची. राज्य शासन खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण देते, नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण देते. हे योग्यच आहे. परंतु या दोन्ही सवलती मुख्यतः यश मिळविलेल्यांसाठी आहेत. सोळाव्या वर्षी गेलेला आणि एकोणिसाव्या वर्षी रिकाम्या हाताने परतलेला मुलगा कोणत्याही योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी शाळा-महाविद्यालयाचे दार उघडे असणे, हुकलेली परीक्षा देता येणे आणि परतल्यावर दोन वर्षे शिष्यवृत्ती मिळणे, एवढी सोय तरी असावी. ही कल्पना आपल्याला नवी नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून याच जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे सुरू झाली. त्यांच्या कारभारात उणिवा आहेत. पण त्यामागचे तत्त्व बिनतोड आहे. आईबापांच्या गरजेची किंमत मुलाच्या भवितव्याने चुकती करू नये, ती समाजाने उचलावी, हे ते तत्त्व. फडावरच्या मुलासाठी जे आपण मान्य केले, ते मैदानावरच्या मुलासाठी अमान्य करण्याचे कारण दिसत नाही.

एखादा मुलगा केव्हा तयार झाला, हे त्याचा खेळ जाणणारे प्रशिक्षक सांगू शकतील. त्यासाठी अर्थशास्त्राची आवश्यकता नाही. मात्र त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी पालकांनी आणि शिक्षकांनी एक साधा प्रश्न अवश्य विचारावा: हा निर्णय चुकला तर नुकसान कोणाचे? उत्तर ‘फक्त मुलाचे’ असे येत असेल, तर वेळ अजून आलेली नाही असे खुशाल समजावे.