प्रागचा जुना चौक: उभारलेला, पाडलेला आणि पुन्हा उभारलेला इतिहास

१/ चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिथल्या जुन्या शहराच्या चौकात दर तासाला गर्दी जमते आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वर वळतात. नगरभवनाच्या मनोऱ्यावरील खगोलीय घड्याळातला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या १२ शिष्यांच्या मूर्ती सरकत जातात, मोबाइल खाली येतात आणि गर्दी पांगते. युरोपच्या सहलीवर आलेले मराठी प्रवासीही तिच्यात असतात. चौक 'पाहून' झालेला असतो.

२/ घड्याळ थोर आहेच. १४१० साली कादान्यच्या मिकुलाशने ते घडवले आणि ते आजही चालते. पण या चौकाचा खरा इतिहास मान खाली घातल्यावर सुरू होतो. घड्याळाकडून कोपरा वळून नगरभवनाच्या पूर्व भिंतीसमोर आले, की फरसबंदीत बसवलेले २७ पांढरे क्रूस दिसतात. बहुतेकांची पावले नकळत त्यांच्यावरूनच जातात.

३/ या क्रूसांची कथा यान हुसपासून सुरू होते. हा प्रागचा धर्मोपदेशक लोकांच्या चेक भाषेत प्रवचने देई आणि चर्चच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवी. ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स येथे धर्मद्रोही ठरवून त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांनी प्रसादाच्या द्राक्षरसाचा चषक हे आपले चिन्ह मानले. तो रस केवळ पाद्र्यांचा नव्हे, सामान्य भाविकांचाही हक्क आहे, असा त्यांचा आग्रह होता.

४/ दोन शतकांनंतर बोहेमियातील प्रॉटेस्टंट सरदारांनी कॅथलिक हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध बंड केले. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या 'बिला होरा', म्हणजे पांढऱ्या टेकडीवरील लढाईत ते मोडले. लढाई अवघी काही तासांची. तिचे परिणाम मात्र तीन शतके टिकले.

५/ २१ जून १६२१ रोजी या चौकात बंडाच्या २७ नेत्यांना मृत्युदंड देण्यात आला. ३ उमराव, ७ सरदार आणि १७ नागरिक. २४ जणांचा शिरच्छेद झाला, तिघांना फाशी दिली गेली. त्यांत विद्यापीठाचे प्रमुख यान येसेनियस होते. १६०० साली प्रागमध्ये जाहीर शवविच्छेदन करून दाखवणारे हे वैद्य. शिरच्छेदापूर्वी त्यांची जीभ कापण्यात आली.

६/ ही शिक्षा तुरुंगाच्या आवारात उरकता आली असती. ती चव्हाट्यावर दिली गेली, कारण ती मरणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांसाठी होती. १२ जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर टांगली गेली आणि त्यांतील बहुतेक सुमारे १० वर्षे तशीच राहिली. पुढे १६२७ मध्ये नवा राज्यकायदा आला; कॅथलिक पंथाखेरीज अन्य ख्रिस्ती पंथांना बोहेमियात जागा उरली नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्कीसह असंख्य कुटुंबे परागंदा झाली.

७/ या पार्श्वभूमीवर १६५० साली चौकात एक उंच खांब उभा राहिला. त्याच्या माथ्यावर मेरीची मूर्ती. शिल्पकार यान यिर्झी बेंडल, आश्रयदाता सम्राट फर्डिनांड तिसरा. निमित्त मात्र पांढऱ्या टेकडीच्या विजयाचे नव्हते. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने नदीपलीकडचे शहर बळकावले होते. जुने शहर नागरिकांनी आणि विद्यार्थ्यांनी लढून राखले. त्याबद्दलची ही कृतज्ञता होती.

८/ या खांबाचा एक लौकिक उपयोगही होता. त्याची सावली फरसबंदीवरील रेषेवर आली की प्रागची मध्यान्ह झाली, असे समजत. ती रेखावृत्ताची पट्टी आजही जमिनीत आहे. पण लोकांच्या मनात खांबाचा अर्थ हळूहळू बदलत गेला. १९ व्या शतकात चेक राष्ट्रभावना जागी झाली, तेव्हा अनेकांना त्यात हाब्सबुर्गांचा आणि लादलेल्या धर्माचा विजयस्तंभच दिसू लागला.

९/ १९१५ मध्ये हुसच्या बलिदानाला ५०० वर्षे झाली. लादिस्लाव शालोउन यांनी घडवलेले त्याचे भव्य स्मारक याच चौकात आले. साम्राज्याने समारंभपूर्वक अनावरण होऊ दिले नाही, तेव्हा लोकांनी स्मारक फुलांनी झाकून टाकले. पुढची तीन वर्षे हुस आणि मेरी एकाच चौकात उभे होते. या चौकाचे ते कदाचित सर्वांत प्रामाणिक रूप होते.

१०/ २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. सहाच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, पांढऱ्या टेकडीवरची सभा आटोपून आलेल्या जमावाने खांबाला दोर बांधले आणि तो खाली ओढला. पुढाकार झिझकोव्ह या कामकरी वस्तीतला लेखक फ्रांता साउअर याचा होता. जमावाचा राग खरा होता, इतिहास मात्र अर्धाच खरा होता. शहर वाचवणाऱ्या पूर्वजांच्या आठवणीचा खांब त्यांनी पूर्वजांच्या पराभवाचा समजून पाडला.

११/ चौकाला पुढची जखम १९४५ मध्ये झाली. नाझींविरुद्धच्या प्राग उठावात ८ मे रोजी नगरभवन पेटले आणि त्याची पूर्वेकडची नवगॉथिक शैलीची बाजू बेचिराख झाली. तिच्या जागी काय बांधावे, यासाठी स्थापत्यस्पर्धा झाल्या. बांधले काहीच गेले नाही. मनोऱ्याला चिकटलेला एक तुटका तुकडा आणि पलीकडे झाडे, हिरवळ. अनेक प्रवाशांना तो बगीचा वाटतो.

१२/ समोरच किन्स्की प्रासाद आहे. लहानपणी फ्रान्झ काफ्का तिथल्या जर्मन शाळेत शिकला. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच्याच सज्जातून कम्युनिस्ट नेते क्लेमेंट गॉटवाल्ड यांनी जमावापुढे भाषण केले. काही दिवसांतच सत्ता त्यांच्या हाती आली. त्यांचे सहकारी व्लादिमिर क्लेमेंतिस यांना १९५२ मध्ये फाशी झाली आणि त्या प्रसंगाच्या छायाचित्रातून ते पुसले गेले. मिलान कुंदेरा यांच्या हास्य आणि विस्मरणावरील कादंबरीचा आरंभ याच प्रसंगाने होतो.

१३/ १९८९ नंतर खांबाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तो पूर्ववत करण्यासाठी संस्था स्थापन झाली, शिल्पकार पेत्र वान्या यांनी वर्षानुवर्षे खपून प्रतिकृती घडवली. २०१७ मध्ये महानगरपालिकेच्या सभागृहाने ती नाकारली, जानेवारी २०२० मध्ये स्वीकारली. १०२ वर्षांनंतर खांब जुन्या जागी उभा राहिला. मूळ खांबाचे अवशेष राष्ट्रीय संग्रहालयाच्या शिल्पसंग्रहात आहेत.

१४/ समर्थकांची बाजू दुबळी नाही. खांब बरोक कलेचा उत्तम नमुना होता, तो जमावाने बेकायदा पाडला, श्रद्धावंतांची मने दुखावली. चूक दुरुस्त करणे हा सूड नव्हे, असे ते म्हणतात. विरोधकांचे म्हणणे असे, की १९१८ हाही इतिहासच आहे. तीन शतकांच्या दडपणानंतरचा तो उद्रेक होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच प्रश्न मेरी की हुस, एवढा सोपा नाही.

१५/ प्रश्न स्मरणाच्या पद्धतीचा आहे. नवा खांब सुंदर आहे, पण त्याच्याकडे पाहून मधली १०२ वर्षे दिसत नाहीत. तो जणू कधी पडलाच नव्हता. पाडणाऱ्यांना २६८ वर्षे नकोशी झाली होती, उभारणाऱ्यांनी १०२ वर्षे झाकली. छायाचित्रातून माणूस पुसणाऱ्या राजवटीशी या दोघांचीही तुलना करणे अन्यायाचे होईल. त्यांनी कुणाचा जीव घेतला नाही. तरी नको असलेला काळ नजरेआड करण्याची ओढ तिथेही आहेच.

१६/ याउलट ते २७ क्रूस पाहावेत. ते कुणाचा गौरव उंचावर मांडत नाहीत, कुणाला खाली ओढत नाहीत. इथे माणसे मारली गेली, एवढेच ती जागा सांगते. भिंतीवरच्या फलकावर त्यांची नावे आहेत. नगरभवनाच्या जळालेल्या बाजूची मोकळी जागाही तेच करते. पाडलेल्या खांबाचे तुकडे आणि मध्यान्हीची सावलीविना उरलेली रेषा यांनीही ती दीर्घ कथा सांगितली असती. फक्त शेजारी चार ओळींचा फलक हवा होता.

१७/ या मताविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे: जमिनीवरची खूण माहितगारालाच कळते, खांब सर्वांना दिसतो. पण २०२१ च्या मार्चमध्ये प्रागकरांनी त्याला उत्तर दिले. कोविडने गेलेल्यांसाठी याच चौकाच्या फरशीवर सुमारे २५ हजार पांढरे क्रूस रंगवण्यात आले. लोक आले, वाकले आणि आपल्या माणसांची नावे खडूने लिहून गेले. खांब शेजारी नुकताच उभा राहिला होता. शोक मात्र जमिनीवर उतरला. ४०० वर्षांपूर्वीच्या मृतांची भाषा शहराला तोंडपाठ होती.

१८/ म्हणून प्रागला जाणाऱ्याने घड्याळ जरूर पाहावे, पण नंतर अर्धा तास राखून ठेवावा. आधी २७ क्रूस, मग जळालेल्या बाजूची मोकळी जागा, मग किन्स्की प्रासादाचा सज्जा, मग हुस आणि शेवटी खांब. या क्रमाने गेल्यास खांबापाशी पोहोचेपर्यंत तो का उभारला, का पाडला आणि का परत आणला, हे तिन्ही प्रश्न सोबत असतील. स्मारकापुढे हात जोडण्यापूर्वी किंवा मूठ वळण्यापूर्वी एवढे विचारणे कुठल्याही देशाच्या नागरिकाला अवघड नाही.