दांडा कुणाच्या उंचीचा?

माझी उंची ६ फूट २ इंच. आमच्या बाबागाडीचा दांडा जमिनीपासून ९८ सेंटीमीटरवर, माझं कोपर ११८वर. लेकीला घेऊन सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या की कंबर धरते, पाय मागच्या चाकांवर आपटतात. खोक्यावर बाळाचं वजन, चाकं, बाटली ठेवायची जागा, सगळं छापलंय. दांड्याची उंची तेवढी नाही. दुकानदार हसून म्हणाला, "मग वहिनींना ढकलू द्या ना!"

खरी गोम इथेच आहे. गाडी बनवणाऱ्याने बाप धरलेलाच नाही. मी कोडमध्ये असा एकच आकडा ठोकून बसवला, तर रिव्ह्यूत माझी पिसं काढतात. आजीच्या पाळण्याला साधी दोरी होती. ती उंच-बुटक्या सगळ्यांना पुरायची.

म्हणून विकत घेण्याआधी टेप लावा. दांडा वरखाली होत नसेल, तर गाडी दुकानातच सोडा.