बक्षीस आणि थकबाकी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांचे विद्यार्थी १९८९ पासून एका प्रश्नमंजूषेत उतरत आले आहेत. चौघांचा संघ, हाताशी बझर आणि इतिहासापासून विज्ञानापर्यंतचे प्रश्न. ज्या देशाच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामाला अक्षरओळख करून देणे हा एकेकाळी गुन्हा होता, तेथे फिस्क, हॉवर्ड, टस्कीगी ही नावे ज्ञानाच्या चढाओढीत पुकारली जावीत, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा फिस्क जेमतेम सात वर्षांचे होते.)

स्पर्धेचा पुरस्कर्ता आहे होंडा ही मोटार कंपनी. अलीकडे विजेत्या संघाच्या महाविद्यालयास एक लाख डॉलरचे अनुदान मिळते. ते मुलांनी बुद्धीच्या बळावर मिळवलेले असते. कंपनीच्या जाहिरातीचा हेतूही त्यात साधतो, हे उघड आहे. परंतु अनुदान हा शब्द येथे खटकतो. महाविद्यालयाचा खर्च भागवणे ही विद्यार्थ्यांच्या हजरजबाबीपणावर सोपवण्याची बाब कधीपासून झाली?

१८९० च्या मॉरिल कायद्याने वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांवर कृष्णवर्णीयांच्या संस्थांना न्याय्य वाटा देण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात केंद्राच्या रकमेला जोड म्हणून राज्याने घालावयाचा पैसा गोऱ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांना बिनबोभाट मिळत गेला, आणि या संस्थांच्या वाट्याला सबबी आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण व कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून गेल्या तीन दशकांतील तूट दाखवून दिली: एकूण १,२०० कोटी डॉलरांहून अधिक. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाची तूट सुमारे २१० कोटी. त्या विद्यापीठाच्या मुलांनी ही स्पर्धा दरवर्षी न चुकता जिंकली, तरी तेवढी रक्कम जमण्यास एकवीस हजार वर्षे लागतील!

मेरीलँडमध्ये मार्ग वेगळा निघाला. तेथील चार महाविद्यालयांसाठी माजी विद्यार्थी व त्यांचे सहकारी २००६ साली न्यायालयात गेले. राज्याची सत्ता आणि वकिलांची फौज समोर असताना त्यांनी तो लढा पंधरा वर्षे लढवला. २०२१ साली राज्याने ५७ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तो पैसा दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यावयाचा आहे.