व्ही-एटच्या शेजारी जर्मन पाहुणी

'फास्ट अँड फ्युरियस'मधली डॉमिनिक टोरेटोची काळी डॉज चार्जर आठवतेय ना? १९७० चं मॉडेल, बॉनेट फाडून वर आलेलं इंजिन आणि कानठळ्या बसवणारा आवाज. अमेरिकन मसल कारचं गणित एवढंच: मोठं इंजिन, आठ सिलिंडर, सरळ रस्ता. वळणाचं वळणावर बघू!

आता अशाच एखाद्या चार्जर किंवा मस्टँगच्या मालकाच्या गॅरेजमध्ये डोकावा. शेजारी एक बुटकी, गोल दिव्यांची, मागे रुंद पंख असलेली गाडी उभी दिसली तर दचकू नका. ती पोर्शे ९११ टर्बो, सत्तर-ऐंशीच्या दशकातली. 'व्ही-एट सोडून दुसरं काही इंजिनच नाही' असं म्हणणारी मंडळी आज या जुन्या जर्मन टर्बो गाड्यांच्या प्रेमात पडताहेत. या दोन गटांचं नातं कालपर्यंत विळ्या-भोपळ्याचं होतं. मग एकदम झालं काय?

भांडण कुठून सुरू झालं?

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक छोटा पंखा गरगर फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा मिळाली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद मिळते. आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या छोट्या कारवरही 'टर्बो' लिहिलेलं असतं, ते याच कारणानं.

गंमत म्हणजे टर्बो पेट्रोल कार पहिल्यांदा विकायला काढल्या त्या अमेरिकनांनीच. १९६२ मध्ये जनरल मोटर्सनं ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर अशा दोन टर्बो गाड्या आणल्या. जेटफायरमध्ये तर इंजिन फार तापू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक ते भरायला विसरायचे. शेवटी कंपनीनं बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. पुढं १९६४ मध्ये पाँटियाकनं मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन बसवून 'जीटीओ' काढली आणि मसल कारचं युग सुरू झालं. आता जीटीओ हे नावही फेरारीकडून उचललेलं! म्हणजे युरोपचं आकर्षण पहिल्या दिवसापासून होतंच, फक्त कबूल कोण करणार?

पुढं जर्मनांनी आपला टर्बो अमेरिकेत आणला तो रेसट्रॅकवर. कॅन-ॲम ही अमेरिका-कॅनडातली शर्यत म्हणजे मोठ्या इंजिनांचा आखाडा. शेव्हरोलेच्या व्ही-एटवर धावणाऱ्या मॅक्लारेननं १९६७ ते १९७१ अशी सलग पाच वर्षं तिथं अजिंक्यपद मिळवलं. १९७२ मध्ये पोर्शेनं आपली ९१७ टर्बो लावून आणली आणि ते वर्ष जिंकलं. १९७३ मध्ये मार्क डोनोह्यूनं सुमारे १,१०० हॉर्सपॉवरच्या ९१७/३० मधून उरल्यासुरल्या स्पर्धेचाही निकाल लावला. तेव्हा लक्षात घ्या, या गाड्या चालवणारे आणि ती टीम सांभाळणारे अमेरिकनच होते.

हाच अनुभव घेऊन पोर्शेनं १९७४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये रस्त्यावरची ९११ टर्बो दाखवली. तिचा कारखान्यातला क्रमांक ९३०, आणि चाहते आजही तिला त्याच नावानं ओळखतात.

पडत्या काळातला धक्का

९३० अमेरिकेत उतरली १९७६ मध्ये, आणि वेळ अचूक होती. प्रदूषणाचे कडक नियम, वाढलेले विम्याचे हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट यांनी मसल कारची हवाच काढून घेतली होती. १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचं व्ही-एट होतं, पण ताकद फक्त १६५ हॉर्सपॉवर. पोर्शेनं ३ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनातून, अमेरिकी नियम पाळून, २३४ हॉर्सपॉवर काढून दाखवले. त्या दशकात वाढलेल्या पोरांच्या खोलीत ९३० चं पोस्टर लागलं ते असं. १९८० ते ८५ पोर्शेनं ही गाडी अमेरिकेत विकणं थांबवलं, तर शौकिनांनी युरोपातून परस्पर मागवायला सुरुवात केली. पोस्टर लावणाऱ्या त्या पोरांची आता पन्नाशी-साठी आली आहे. मुलं मार्गी लागली, हातात पैसा आहे. स्वप्न राहून गेलं होतं, ते आता पुरं होतंय.

पण नुसती नॉस्टॅल्जिया म्हणून हा विषय मिटत नाही. मसल कारवाल्याला ९३० आपली वाटते, कारण तिचा स्वभाव त्याच्या ओळखीचा आहे. कमी वेगात ती शांत असते. ॲक्सिलरेटर दाबा, क्षणभर काहीच होत नाही. याला म्हणतात टर्बो लॅग. आणि मग अचानक कोणीतरी मागून ढकलावं तसा धक्का! त्यात इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात घाबरून पाय उचललात तर गाडीची शेपूट फिरलीच. म्हणून तिला 'विडोमेकर' हे टोपणनाव पडलं. हे नाव कौतुकानं मिरवण्यासारखं नाही, हेही सांगायला हवं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. पण जुन्या गाडीचा चाहता ज्याबद्दल बोलतो तो असतो धाक. ही गाडी चालवायची तर आधी शिकावं लागतं. जुनी मसल कारही तेच मागते.

शत्रू बदलला

खरी कलाटणी मिळाली ती गेल्या काही वर्षांत. २०२३ च्या अखेरीस डॉज चॅलेंजरचं उत्पादन थांबलं. त्याच सुमारास शेव्हरोले कॅमॅरोही गेली. नवी डॉज चार्जर २०२४ मध्ये आली ती चक्क इलेक्ट्रिक, आणि तिच्यात इंजिनासारखा आवाज काढणारी खास यंत्रणा! पाठोपाठ पेट्रोल चार्जर आली, पण तिच्यात व्ही-एट नाही. सहा सिलिंडर आणि दोन टर्बो, ५५० हॉर्सपॉवरपर्यंत. म्हणजे ज्या टर्बोला नाकं मुरडली, तोच आता मसल कारच्या पोटात जाऊन बसला. तिकडे पोर्शेनंही २०२४ मध्ये ९११ ला हायब्रिड केलं.

अशा वेळी 'आठ सिलिंडर की सहा' या वादाला अर्थ उरत नाही. नवी दरी आहे ती स्वतःच सगळं सांभाळून घेणारी गाडी आणि ड्रायव्हरकडून काहीतरी मागणारी गाडी यांच्यात. या दरीच्या एकाच काठावर १९७० ची चार्जर आणि १९७९ ची ९३० उभ्या आहेत. निष्ठा देशाशी किंवा सिलिंडरच्या आकड्याशी नव्हतीच. ती होती गाडी आणि माणूस यांच्यातल्या झटापटीशी.

अमेरिकेतले कायदेही याला हातभार लावतात. १९८८ च्या कायद्यामुळं परदेशी गाडी पंचवीस वर्षं जुनी झाली की तिच्यावरची सुरक्षा नियमांची अट सुटते. एप्रिल २०२५ मध्ये आयात गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लागलं, त्यातूनही पंचविशी ओलांडलेल्या गाड्या वगळल्या. कॅलिफोर्नियाचा हात मात्र आखडता आहे. तिथं १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे, पुढच्यांना नाही. म्हणजे डॉमिनिकची चार्जर सुटते आणि १९७६ ची पोर्शे अडकते! ३५ वर्षांवरच्या गाड्यांना सूट द्यावी म्हणून जे लेनो यांनी पाठिंबा दिलेलं विधेयक २०२५ मध्ये पुढं सरकलं नाही. शौकिनांना राग आला, पण धूर शेजाऱ्याच्याही नाकात जातो, हा मुद्दा खोटा कसा म्हणणार?

तरुणांनी काय करायचं?

एक गोष्ट मात्र खटकते. मसल कार जन्मली ती तरुणांना परवडावी म्हणून. साध्या गाडीत मोठं इंजिन, किंमत आवाक्यात. आज चांगल्या ९३० ची किंमत एक लाख डॉलरच्या पलीकडे आहे आणि जुन्या मसल कारही गुंतवणूक म्हणून घेतल्या जातात. गाड्या गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या जातात, कारण चालवली तर किंमत उतरते. झटापट हवी म्हणून घेतलेली गाडी अशी शोकेसमध्ये गेली, तर त्या प्रेमाचा उपयोग काय?

त्यामुळे ज्यांच्या खिशात कमी पैसे आहेत, ते १९८० च्या दशकातल्या पोर्शे ९४४ टर्बोकडे वळतात. पुढे २.५ लिटरचं चार सिलिंडर इंजिन, मागे गिअरबॉक्स, समतोल उत्तम. ती ९३० पेक्षा खूप स्वस्त मिळते. पण टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकलेच म्हणून समजा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! काही अमेरिकन तर ९४४ चं थकलेलं इंजिन काढून तिथं शेव्हरोलेचं व्ही-एट बसवतात. पोर्शेचे कट्टर भक्त कपाळाला हात लावतात, मसल कारवाले टाळ्या वाजवतात.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात जिवंत गाडी हीच. जर्मन अंग, अमेरिकन काळीज, हात काळे करून जुळवलेली. आणि झाकून ठेवलेली नाही, रस्त्यावर धावणारी.