विज्ञानवाटा : उजेड आणि त्याचे मोल

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे नाव पूर्णा नदीवरील धरणामुळे मराठवाड्यात सुपरिचित आहे. याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काटकोनातील चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून तेथे लेसर किरण धावतील. लायगोच्या लेसरचा प्रकाश निओडिमियम या मूलद्रव्यातून निघतो.

निओडिमियम, युरोपियम आणि टर्बियम ही लँथॅनाइड कुळातील भावंडे होत. त्यांच्या अणूंतील प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आड सुरक्षित असतात. म्हणून सभोवतालचे द्रव्य बदलले तरी प्रत्येकाचा रंग सहसा ढळत नाही. युरोपियम लाल उजळते, टर्बियम हिरवे. निओडिमियमचा १०६४ नॅनोमीटरचा किरण मात्र डोळ्यांना दिसत नाही. या मूलद्रव्यांत एक उणीव आहे. ती स्वतः प्रकाश फार थोडा शोषतात.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग संकरित धातू-हॅलाइडांत सापडला आहे. सेंद्रिय रेणू, धातू आणि क्लोरीन किंवा ब्रोमीन यांच्या संयोगातून हे स्फटिक घडतात. त्यांतील सेंद्रिय भाग किंवा शेजारचा धातू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा लँथॅनाइडच्या स्वाधीन करतो. लेसरचा स्फटिक वाढविण्यास १,९०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. हे स्फटिक मात्र साध्या द्रावणातूनही तयार होऊ शकतात.

या वर्गातील सर्वाधिक गाजलेली द्रव्ये शिशाची आहेत. ती पाण्याने विघटित होतात, आणि शिसे पोटात गेल्यास बालकांच्या मेंदूची वाढ खुंटते. शिशाऐवजी लँथॅनाइड वापरण्याचा प्रयत्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो. तथापि यांपैकी अनेक स्फटिक ओलाव्यात टिकत नाहीत; प्रयोगशाळेतून घरात येण्यापूर्वी त्यांना ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल.

घरातील जुन्या सीएफएल दिव्याच्या पांढऱ्या लेपातही युरोपियम आणि टर्बियम असते. आत मात्र विषारी पारा असतो. असा दिवा न फोडता ई-कचरा संकलनात द्यावा. दिव्याची पारख करताना तो किती उजळतो याबरोबरच विझल्यानंतर माती-पाण्यात काय सोडतो, हेही पाहिले पाहिजे.