दिवा स्वतःचा, डोळे दुसऱ्याचे

ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या जमान्यात अनेक मोटारींच्या पुढच्या दिव्यांवर, काचेच्या वरच्या अंगाला, काळा रंग फासलेला असे. घरात उरलेला रंग आणि जुना ब्रश एवढ्या सामग्रीवर हे काम अंगणात दहा मिनिटांत उरकत असे. १९७१ च्या डिसेंबरात युद्धामुळे मुंबईत ‘ब्लॅकआउट’ पाळला गेला, तेव्हा तर दिवे झाकणे हे वाहनधारकाचे कर्तव्यच ठरले होते. एरवीच्या त्या काळ्या पट्ट्याने गाडीच्या रूपात काडीचीही भर पडत नसे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. आज मोटारींचे दिवे पुन्हा घरच्या घरी रंगवले जाऊ लागले आहेत. मात्र हेतू पार पालटला आहे.

सुटीच्या दिवशी एखाद्या सोसायटीच्या आवारात हा उद्योग पाहावयास मिळतो. बंपर उतरवायचा, दिव्याचा संच सोडवून घ्यायचा, गरम हवेच्या झोताने किंवा चक्क स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये ठेवून काचेभोवतीचा चिकट थर मऊ करायचा, काच अलग करायची, आतल्या चकचकीत चौकटीला काळा रंग द्यायचा, जमल्यास प्रकाशाचे एखादे कडे बसवायचे आणि सारे पुन्हा चिकटवून टाकायचे. सांधा नीट बसला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात दिव्याच्या आत पाण्याचे थेंब धरतात आणि सारा खटाटोप नव्याने आरंभावा लागतो. ओव्हनच्या या उपयोगाविषयी घरातील मातुःश्रींचे मत काय असते, हा प्रश्न अलाहिदा.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या समाजात हाताने काम करणे कमीपणाचे मानले जाते, तेथे शिकलेला तरुण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो याचे कौतुकच व्हावयास हवे. शिवाय त्यामागे अर्थकारणही आहे. पूर्वी दिव्याची काच फुटली तर नुसती काच बदलता येई. आता बहुतेक गाड्यांना सबंध संचच बदलावा लागतो आणि त्याची किंमत पगारदार माणसाच्या महिन्याच्या हिशोबात बसत नाही. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळट पडली की ती पॉलिश-पेपरने घासून स्वच्छ करणारा कारकून पैसाही वाचवतो आणि रस्त्यावरचा आपला उजेडही वाढवतो. फक्त या घासण्यात काचेवरचा मूळचा संरक्षक थरही निघून जातो, तो पुन्हा चढवला नाही तर काही महिन्यांत काच पूर्ववत मळकट होते, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

खरी गोम आहे ती रंग आणि बदल नेमके कोठे होतात यात. चौकट काळी केल्याने कोणाचे बिघडत नाही. बाहेरच्या काचेला धुरकट रंग दिला तर उजेड घटतो आणि त्याचा पहिला भुर्दंड मालकालाच बसतो; पण अंधूक दिव्याची गाडी पादचाऱ्यालाही उशिराच दिसते. परावर्तकाला हात लावणे हा त्याहून मोठा अविचार होय. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की फडक्यानेही त्यावर ओरखडे उठतात. तेथे चंदेरी रंग मारला तर तो दिसतो चकचकीत, पण प्रकाश शिस्तीने पुढे न पाठवता सैरावैरा उधळतो.

सर्वांत घातक ठरतो तो दिवा उघडल्यावर बहुधा ओघानेच येणारा मोह, म्हणजे आतला बल्ब बदलणे. वर्षानुवर्षे प्रचारात असलेल्या हॅलोजन बल्बांपैकी एच-४ या प्रकारात दोन तारा असतात, एक ५५ वॅटची आणि दुसरी ६० वॅटची. पहिली डिपरसाठी. तिच्या खाली धातूची एक लहानशी वाटी असते. ती वाटी परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडू देत नाही, म्हणून तो वर न उसळता खाली रस्त्यावर पडतो. जुन्या काळ्या पट्ट्याची कामगिरी आता ही वाटी, कोणाला न दिसता, पार पाडते. त्या जागी बाजारातून आणलेला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम आणि आकार दोन्ही बदलतात, परावर्तकाचे गणित चुकते आणि प्रकाशाचा एक हिस्सा समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. मालकाला आपला रस्ता लखलखीत दिसतो, त्यामुळे आपल्या हातून काही चुकले आहे असे त्याच्या मनातही येत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण परिचयाचे वाटेल. लाभ एकाच्या पदरात आणि खर्च दुसऱ्याच्या माथी, अशा व्यवहारांची मीमांसा पिगू यांनी १९२० साली ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात केली. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर हे तिच्यातले प्रसिद्ध उदाहरण. दिव्याच्या बाबतीत दुखणे आणखी पुढे जाते, कारण येथे चढाओढ लागते. समोरच्याचा दिवा प्रखर म्हणून मी माझा प्रखर करावयाचा, माझा प्रखर म्हणून तिसऱ्याने त्याचा. प्रत्येकाचा पैसा खर्च होतो आणि शेवटी कोणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. उतारवयात, त्यातही मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यांना, हा झगमगाट अधिकच बाधतो. या चढाओढीत ज्याच्यापाशी दिवाच नाही, त्याची स्थिती तर विचारूच नये. गळिताच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या चाललेल्या असतात. समोरच्या प्रखर दिव्याने दिपलेल्या चालकाला पुढे चाललेली बैलगाडी दिसणार कशी? तिच्या मागे लावावयाच्या परावर्तक पट्टीची किंमत शौकाच्या बल्बजोडीपुढे किरकोळ आहे.

यावर कायदा नाही असे नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, दिव्यापुढे ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत फेरफार करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वाहनात अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. परंतु इतका सरसकट कायदा बहुधा कोणालाच लागू होत नाही. चौकट रंगवणारा हौशी आणि महामार्गावर सर्वांना आंधळे करीत जाणारा शौकीन यांच्यातला फरक चौकातल्या शिपायाला कळावा, असे साधन त्याच्या हाती नाही. आणि ज्या दुकानात असे बल्ब राजरोस विकले जातात, तेथवर कायद्याचे पाऊल क्वचितच पोहोचते.

साधन शोधण्यास दूर जावयास नको. गाडीचा धूर तपासून घेतल्याचे पीयूसी प्रमाणपत्र वाहनधारकाला ठरावीक मुदतीने घ्यावे लागते. खासगी मोटारीच्या दिव्याचा झोत मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षे, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणापर्यंत, कोणी नेमाने पाहत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीच्या वार्षिक तपासणीत दिव्याचा रोखही पाहिला जातो. आपल्याकडे पीयूसी केंद्रावर, धुराची नळी लावली असतानाच, एका सपाट भिंतीवर ठराविक अंतरावरून डिपरचा झोत पाडून त्याची वरची कड आखलेल्या रेघेखाली राहते की नाही एवढे पाहिले, तरी निम्मे काम होईल. त्यासाठी परदेशी यंत्रे नकोत की नवे खाते नको. रोख चुकला असेल तर तो दुरुस्त करण्याचे स्क्रू दिव्याच्या मागेच असतात. शिवाय पुष्कळ गाड्यांत, गाडीत माणसे आणि सामान भरले की झोत खाली घेण्यासाठी, चालकाच्या उजव्या हाताशी आकडे कोरलेले एक लहान चाक दिलेले असते. ते कशासाठी आहे हे ठाऊक असणारा वाहनधारक शोधूनच काढावा लागेल.